विश्लेषण : श्वास मोजणारा उजेड आला, त्याची निगा कोण राखणार?

लशीच्या टाकीतला ऑक्सिजन, कोळंबीच्या तळ्यातला ऑक्सिजन आणि तापाच्या रुग्णाच्या रक्तातला विषाणू, या तिन्ही गोष्टी आता उजेडाने मोजता येतात. माकडताप आणि लेप्टोने दरवर्षी हैराण होणाऱ्या सिंधुदुर्गासाठी हे तंत्र फार उपयोगाचे आहे. मात्र यंत्र विकत घेणे सोपे असते, ते मालवणच्या खाऱ्या हवेत चालू ठेवणे कठीण. प्रश्न त्या दुसऱ्या गोष्टीचा आहे.

खाडीकाठच्या कोळंबी प्रकल्पावर रखवालदाराची झोप उडते ती पहाटे तीन-चारच्या सुमारास, आणि आवाजाने नव्हे तर शांततेने. पाणी घुसळणारी चक्रे बंद पडली की तळे शांत होते. दिवसभर पाण्यातले शेवाळ सूर्यप्रकाशात ऑक्सिजन तयार करते, रात्री तेच शेवाळ तो वापरते. त्यामुळे उजाडण्याआधीचा तास सर्वात वाईट. त्या तासाला वीज गेली आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर सकाळी कोळंबी काठाला लागलेली दिसते आणि काही महिन्यांची मेहनत पाण्यात जाते.

लस बनवणाऱ्या कारखान्यात पेशी वाढवायच्या टाकीजवळ बसलेल्या तंत्रज्ञालाही हीच काळजी असते. रुग्णालयातल्या परिचारिकेलाही. आत कोंडलेल्या जिवाला पुरेसा ऑक्सिजन मिळतो आहे ना, हे आत हात न घालता कसे कळणार? गेल्या काही दशकांत या प्रश्नाचे एक चांगले उत्तर मिळाले आहे, ते म्हणजे प्रतिदीप्ती. इंग्रजीतून आलेला शब्द फ्लुओरेसन्स.

प्रतिदीप्ती म्हणजे नेमके काय?

दुकानात पाचशेची नोट जांभळ्या दिव्याखाली धरतात, तेव्हा नोटेवरचे क्रमांक आणि बारीक तंतू चमकतात. त्याच दिव्याखाली तेलात कालवलेली हळद ठेवली तर ती हिरवट-पिवळी उजळते. धुण्याच्या पावडरीने धुतलेला पांढरा सदरा निळसर दिसतो. हे पदार्थ स्वतः पेटत नाहीत. ते एका रंगाचा प्रकाश गिळतात आणि क्षणार्धात दुसऱ्या, कमी ऊर्जेच्या रंगाचा प्रकाश परत देतात. दिवा बंद केला की चमक गेली.

क्विनाइनच्या पाण्यातली अशी निळी झाक १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी नोंदवली. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी तिचा उलगडा केला आणि नावही दिले. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर थंडीच्या रात्री कधी कधी लाटा निळ्या उजळतात आणि त्यांचे व्हिडीओ मोबाइलवर फिरतात. ती मात्र प्रतिदीप्ती नव्हे. तिथे सूक्ष्म सागरी जीव रासायनिक क्रियेने स्वतः प्रकाश तयार करतात, बाहेरून दिवा लागत नाही. दोन्ही गोष्टींचा सांधा एका जेलीफिशने जुळवला. तिच्या शरीरातले एक प्रथिन निळा प्रकाश घेऊन हिरवा परत देते. १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी ते वेगळे काढले आणि या प्रथिनावरच्या कामासाठी २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि त्यांच्यासाठी १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. जगभरच्या अनेक प्रवाळांत याच जातकुळीतली चमकणारी प्रथिने सापडतात.

ऑक्सिजन उजेड कसा विझवतो?

काही रंगद्रव्ये प्रकाश घेऊन चमकत असताना ऑक्सिजनचा रेणू त्यांना धडकला, तर ती चमकण्याऐवजी आपली ऊर्जा त्यालाच देऊन टाकतात. म्हणजे ऑक्सिजन जितका जास्त, तितका उजेड कमी. ओटो स्टर्न आणि मॅक्स व्होल्मर यांनी १९१९ मध्ये अशा विझण्याचे गणित मांडले. पुढे रुथेनियम, प्लॅटिनम अशा धातूंची रंगद्रव्ये सिलिकोनच्या पातळ थरात बसवून बोटाच्या पेराएवढी टिकली बनवता येऊ लागली. टिकली पाण्यात, दिवा आणि प्रकाश टिपणारा डोळा बाहेर.

उजेड किती आहे, एवढेच मोजले तर मात्र फसगत होते. दिवा जुना झाला, टिकलीवर शेवाळ चढले, तार थोडी वाकली, तरी उजेड कमी दिसतो आणि यंत्राला वाटते की ऑक्सिजन वाढला. यावर शोधलेला उपाय देवळातल्या घंटेसारखा आहे. घंटा जोरात वाजवली की हळू, यावर तिचा आवाज लहान-मोठा होतो. पण नाद किती वेगाने विरतो, हे घंटेच्या धातूवर अवलंबून असते. तिला हात लावला तर नाद लवकर विरतो. ऑक्सिजन म्हणजे तो हात. चांगली उपकरणे उजेडाचा जोर मोजत नाहीत, तो विरायला किती वेळ लागतो ते मोजतात. हा वेळ सेकंदाच्या काही लाखाव्या भागाइतका असतो आणि आजची स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स तो सहज पकडते.

याआधीची पद्धत लेलँड क्लार्क यांच्या १९५६ च्या विद्युत-इलेक्ट्रोडची. ती आजही वापरात आहे, पण मोजताना ती स्वतःच थोडा ऑक्सिजन खाते, तिच्यात द्राव भरावा लागतो आणि पडदा बदलावा लागतो. टिकली ऑक्सिजन खात नाही, त्यामुळे साचलेल्या पाण्यातही ती खरा आकडा सांगते.

लशीच्या टाकीत हे कशासाठी?

लस, इन्सुलिन किंवा प्रतिपिंडांची औषधे ही जिवंत पेशींकडून करवून घेतली जातात. टाकीत पेशी, साखर, क्षार आणि हवा घालायची आणि दिवसच्या दिवस त्यांना सांभाळायचे. ऑक्सिजन कमी पडला तर पेशी मरतात, आम्लता ढळली तर उत्पादन बिघडते, आणि नमुना काढायला झाकण उघडले तर जंतू शिरतात. १९५५ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलीन काढायला सुरुवात केली, तेव्हापासून महाराष्ट्राला टाकीतल्या या शेतीची ओळख आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमुळे ती जगाला झाली.

आता पोलादी टाक्यांच्या जोडीला एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या आल्या आहेत. पिशवीच्या आतल्या बाजूला टिकली आधीच चिकटवलेली असते आणि पिशवीसोबतच निर्जंतुक झालेली असते. बाहेरून प्रकाशाची तार लावायची की आकडा दिसू लागतो. प्लास्टिकमधून उजेड जातो, जंतू जात नाहीत. ऑक्सिजनला एक टिकली, आम्लतेला दुसरी. पेशींच्या आत असलेला एनएडीएच हा रेणू तर मुळातच चमकतो, त्यामुळे पेशी किती जोमात आहेत याचा अंदाज काहीही न मिसळता येतो.

सिंधुदुर्गाला हे दूरचे वाटेल, पण तसे नाही. माकडतापाच्या जुन्या लशीचा वापर थांबला आहे आणि नव्या लशीवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, काम करत आहे. ती लस उद्या दोडामार्गातल्या काजू बागेतल्या मजुराच्या दंडात टोचली जाईल, तेव्हा तिच्यामागेही अशीच एखादी टाकी आणि तिच्यावर ठेवलेली नजर असेल.

रुग्णाच्या बाबतीत हा उजेड काय करतो?

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथके जो ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी गेली, तो प्रतिदीप्तीवर चालत नाही. तो लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवतो आणि रक्ताने कोणता किती गिळला ते पाहतो. १९७४ मधला, जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांचा हा शोध. त्याची एक मर्यादा साथीतच ठळक झाली. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात असे दिसले की, रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असूनही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो, असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा घडत होते. सावळ्या कातडीच्या देशात हा तपशील विसरण्यासारखा नाही.

प्रतिदीप्तीवर चालणारी उपकरणे आता कुठे रुग्णांपर्यंत येत आहेत. दंडाच्या कातडीखाली बसवायचा साखर मोजणारा संवेदक अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाला, तेव्हा तो ९० दिवस चालत होता. २०२४ मध्ये वर्षभर चालणाऱ्या आवृत्तीला मंजुरी मिळाली. साखर वाढली की त्यातले रसायन जास्त चमकते. जानेवारी २०२५ मध्ये तिथेच मूत्रपिंड तपासण्याच्या एका पद्धतीला मान्यता मिळाली. एक चमकणारे द्रव्य शिरेतून द्यायचे, ते फक्त मूत्रपिंडांतून बाहेर पडते. कातडीवर ठेवलेला संवेदक त्याची चमक किती वेगाने ओसरते ते पाहतो आणि त्यावरून मूत्रपिंडे किती काम करतात ते कळते. पुन्हा पुन्हा रक्त काढावे लागत नाही.

ही उपकरणे मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात उद्या येणार नाहीत. पण याच उजेडावर चालणारे एक यंत्र केव्हाच दाराशी आले आहे.

माकडताप आणि लेप्टोशी याचा संबंध काय?

माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात ओळखला गेला. महाराष्ट्रात तो २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात दिसला आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात पसरला. गोचिडीतून येणाऱ्या या तापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, आणि काजूचा हंगामही त्यातच. पाचोळ्यातून बिया वेचणारा माणूस गोचिडीच्या तावडीत सापडतो. दगावण्याचे प्रमाण ३ ते ५ टक्के सांगितले जाते. पावसाळा लागला, भातलावणी सुरू झाली की लेप्टोचा फेरा येतो. गढूळ पाण्यातून, पायाच्या भेगांतून जंतू शिरतो. दोन्हींची सुरुवात सारखीच, ताप, डोके, अंग ठणकणे. डोळ्यांनी पाहून फरक करणे अवघड.

फरक कळतो तो पीसीआर चाचणीने, आणि पीसीआर म्हणजे प्रतिदीप्तीच. विषाणूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा शोधणाऱ्या धाग्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू असतो आणि दुसऱ्या टोकाला त्याला विझवणारा सोबती. तुकडा सापडून त्याची प्रत निघाली की धागा तुटतो, सोबती लांब जातो आणि चमक दिसते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, चमकही वाढते. जितक्या कमी फेऱ्यांत ती दिसली, तितका विषाणू जास्त.

ही चाचणी एकेकाळी फक्त मोठ्या प्रयोगशाळेत होई. माकडतापाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे किंवा मणिपालला जात. मग बेंगळूरुच्या बिगटेक लॅब्जने विकसित केलेले आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ आले. बॅटरीवर चालणारे, टेबलाच्या कोपऱ्यावर मावणारे, तासाभरात निकाल देणारे. त्याच्या चिपमधली रसायने सुकवलेली असल्याने ती साध्या तापमानात राहतात. क्षयरोगासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली, करोनात ते देशभर वापरले गेले आणि माकडतापासाठीही त्याची चाचणी तयार झाली. म्हणजे सिंधुदुर्गाला लागणारे यंत्र बांद्याच्या नाक्यापलीकडच्या राज्यातल्या कंपनीचे आहे.

वेळेला इथे किंमत आहे. लेप्टोचा जंतू रक्तात पीसीआरला सापडतो तो मुख्यतः पहिल्या आठवड्यात. नमुना प्रवासात किंवा रांगेत अडकला तर प्रतिजैविक सुरू करण्याचे मोलाचे दिवस जातात. माकडतापावर खास औषध नाही हे खरे. पण निदान लवकर झाले तर रक्तस्रावावर नजर ठेवता येते, रक्त पातळ करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या टाळता येतात, नको ती प्रतिजैविके वाचतात आणि त्या वाडीतल्या बाकी लोकांना गोचिडीपासून जपायला सांगता येते.

घोडे अडते कुठे?

अडते ते खरेदीनंतर. प्रकाशाचे यंत्र म्हणजे भिंगे, दिवे आणि आकडे. मालवणात ज्याच्याकडे जुना कॅमेरा आहे, त्याला भिंगावर चढणारी बुरशी माहीत आहे. चार महिन्यांचा पाऊस, वर्षभराची खारी हवा, वादळात खेळणारी वीज, या तिघांत कोणतेही नाजूक उपकरण टिकवायला रोजची निगा लागते. यंत्र कोरड्या पेटीत ठेवणे, विजेच्या चढउतारापासून जपणे, चिपच्या मुदतीवर लक्ष ठेवणे, अशी ती बारीकसारीक कामे आहेत.

त्याहून महत्त्वाचे काम आकडा पडताळण्याचे. कोळंबी तळ्यातल्या ऑक्सिजन मापकाची टिकली प्रकाशानेच हळूहळू फिकी पडते, ती ठरावीक काळाने बदलावी लागते. हवा मिसळलेल्या गोड्या पाण्यात ३० अंश तापमानाला लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. हा फरक यंत्राला सांगितला नाही, तर ते ऑक्सिजन आहे त्याहून सुमारे एक पंचमांश जास्त दाखवेल. कोळंबीला ४ मिलिग्रॅमच्या खाली त्रास सुरू होतो. यंत्र सव्वाचार दाखवत असताना तळ्यात प्रत्यक्षात साडेतीनच असतील आणि मालक निर्धास्त झोपलेला असेल. चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर माणूस विसंबतो. रुग्णालयात हीच चूक माणसाच्या जिवावर बेतते.

सरकारी खरेदीत यंत्राची किंमत दिसते, उद्घाटनाचा फोटो दिसतो. पुढच्या पाच वर्षांच्या चिप, सुटे भाग, दुरुस्तीचा करार आणि तंत्रज्ञाचा पगार या ओळी बहुधा दिसत नाहीत. मग पहिल्या बिघाडाला यंत्र झाकले जाते आणि नमुना पुन्हा गाडीने बाहेर जाऊ लागतो.

आधी डॉक्टर हवेत की यंत्रे?

हा आक्षेप जिल्ह्यात नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, तरी गंभीर रुग्ण घेऊन बांबोळीला धावण्याची सवय सुटलेली नाही. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सीमेवरच्या तालुक्यांत त्याचा केवढा धक्का बसला हे लोकांच्या लक्षात आहे. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रिक्त पदांची तक्रार संपलेली नाही. अशा वेळी चमकणाऱ्या चिपचे कौतुक कोणाला सांगणार?

पण ही निवड खोटी आहे. डॉक्टरची जागा यंत्र घेऊ शकत नाही. मात्र जिथे एकच डॉक्टर आहे, तिथे त्याच दिवशी मिळालेला निकाल त्याचे काम हलके करतो. कोणाला ओरोसला पाठवायचे, कोणाला मालवणातच ठेवायचे, हे तो अंदाजाऐवजी पुराव्याने ठरवू शकतो. शंभर किलोमीटरचा एक अनावश्यक फेरा वाचला, तर मजुराच्या घरात गाडीभाड्यासाठी काढावे लागणारे कर्जही वाचते. करोनाच्या काळात जिल्ह्यात पीसीआर चाचणीची सोय उभी राहिली. म्हणजे इच्छा असेल तर ते जमते. साथ ओसरल्यावरही ती सोय तेवढ्याच नेटाने चालवणे, ही खरी परीक्षा आहे.

मग करायला काय हवे?

पहिली गोष्ट, यंत्राऐवजी चाचण्या विकत घ्याव्यात. करार असा हवा की पाच वर्षे यंत्र चालू ठेवण्याची जबाबदारी पुरवठादाराची, आणि बंद दिवसांचे पैसे कापले जातील. यंत्र महिन्यात किती दिवस चालले, हा आकडा रुग्णालयाच्या फलकावर लागला पाहिजे. औषधसाठ्याचा फलक लागू शकतो, तर हाही लागू शकतो.

दुसरी, पडताळणीची सोय जिल्ह्यातच हवी. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय. दोघांनी मिळून एक पडताळणी कक्ष चालवला, तर ऑक्सिमीटर, साखरमापक, पीसीआर यंत्रे आणि कोळंबी तळ्यांतले मापक अशा सगळ्यांची तपासणी एका छताखाली होऊ शकते. मुलांना काम शिकायला मिळेल, आणि इथेच राहून करता येईल असा एक रोजगारही. पावसाळ्यापूर्वी होडीची डागडुजी करायला जसे कोणी सांगावे लागत नाही, तशी यंत्रांचीही एक ठरलेली वेळ हवी.

तिसरी, मत्स्यव्यवसाय आणि आरोग्य ही खाती वेगळी असली तरी विज्ञान एकच आहे हे ओळखावे. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधतेचा प्रकल्प राबवला गेला, त्यात महिला बचत गटांनी खेकडे आणि कालवांची शेती करून दाखवली. अशा गटांच्या हाती एखादा विश्वासू मापक आणि तो तपासून देणारा माणूस असला, तर पहाटेची ती जीवघेणी अनिश्चितता बरीच कमी होईल.

यातले काहीही महाकाय नाही. नवा कारखाना नको, परदेशी तज्ज्ञ नको. हवी आहे ती महिन्याची एक फेरी, एक नोंदवही आणि नोंदवही तपासणारा एक अधिकारी. पुढचा काजूचा हंगाम सुरू होईल तेव्हा पाचोळ्यात गोचीड असेलच, आणि कोणाला तरी ताप येईलच. त्या माणसाचा नमुना तपासणारे यंत्र त्या दिवशी चालू असेल की कपड्याखाली झाकलेले, याचा निर्णय मात्र हंगामाच्या आधीच, पावसाळ्यातल्या निगराणीवर झालेला असेल.